मुकी रिक्षा

आटगाव स्टेशनाबाहेर मला बॅटरीवरची रिक्षा मिळाली. चालकाच्या गळ्याला मफलर होता आणि घसा पार बसलेला, तरी बोलायची हौस दांडगी. आधी पेट्रोलची, मग गॅसची रिक्षा चालवली म्हणाला. मी विचारलं, "मग बरी कोणती?"

"पेट्रोल परवडत नाय. गॅसच्या लायनीत अर्धा दिवस जातो. ही बॅटरीवाली गुणाची हाय, पण मुकी. आमच्या गावच्या आज्या आवाज आल्याबिगर घरातून निघत नाय."

पुढच्या वळणावर त्याने वेग कमी केला आणि तोंडानेच "फट फट फट फट" सुरू केलं. कोपऱ्यावरच्या घरातून एक आजी भाजीची पाटी घेऊन आली आणि मला सरकवून ऐसपैस बसली.

"आज गाडीला सर्दी झाली काय रे?" तिने त्याला विचारलं.