गोळ्या बंद करायला सांगणारा खोटा डॉक्टर

मंडळी, आत्ताच ड्युटीवरून आलेय. मी नेकनूरजवळच्या एका गावात नर्स आहे.

सकाळी गावातल्या कौसाकाकूंना त्यांच्या सुनेनं रिक्षातून दवाखान्यात आणलं. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात उचलता येत नव्हता. बीपी लई वाढलेला. गोळ्यांचं विचारलं तर सून म्हणाली, "तीन आठवडे झालं, बंद केल्यात. मोबाईलवर एक डॉक्टर सांगत हुता, बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाती म्हणून. गावाच्या ग्रुपवर आलता."

तिनं व्हिडिओ दाखवला. एआयनं बनवलेला डॉक्टर, ओठ एकीकडं आणि आवाज एकीकडं.

मी तो आधीच पाहिला होता. त्या ग्रुपमध्ये मीही आहे. खोटा आहे हे तेव्हाच कळलं होतं, पण रोज कुणाकुणाशी वाद घालायचा, म्हणून गप्प बसले.

काकूंना ॲम्ब्युलन्सनं बीडला पाठवलं. जीवाला धोका नाही म्हणतात, हाताचं मात्र सांगता येत नाही.

मघाशी ग्रुपवर लिहिलं, व्हिडिओ खोटा आहे, गोळ्या बंद करू नका. खाली काकूंच्या सुनेनंच विचारलंय, "मॅडम, मग आधी काहून न्हाई सांगितलं?"

अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?