बाबांचं स्विस घड्याळ

सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घड्याळजी बसतात. घड्याळ हाती आलं की आधी ते कानाशी धरून डोळे मिटतात, दूरवरचं गाणं ऐकत असल्यासारखे.

बाबांचं स्विस घड्याळ खरं की खोटं, हे विचारायला मी आईला घेऊन गेलो. त्यांनी झाकण उघडून भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"स्विस न्हाय, वहिनी. मशीन हितलंच हाय. तबकडीवरचं नाव नंतर छापलंय."

आईचा चेहरा उतरला. घड्याळजींनी घड्याळ हलकेच फिरवलं. "चावीच्या उलट बाजूची कड लई झिजलीया, म्हंजी ती पंजाकडं यायची. उजव्या हातात घालायचे का?"

"हो," आई म्हणाली. "डावखुरे होते."

आई स्टुलावर टेकली. बाबा गेल्यापासून त्यांचं नावही न काढणारी आई त्यांच्याबद्दल बोलू लागली. दुपार कलली तरी घड्याळजी काम थांबवून ऐकत राहिले.