हाव आणि हाबीस

सुमनबाईंना कुणी विचारलं, "लेक काय करते?" की त्या पदर सारखा करून सांगायच्या, "नांदेडात बसून समुद्रावरचे डबे उचलते." ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारीला ऊन लागलं. शेजारची कोंडाबाई तर गल्लीभर सांगून आली होती की लुंबिनी पगार घेऊन गेम खेळते. आता विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर कुणी डोकावलं असतं, तर त्यालाही तसंच वाटलं असतं म्हणा. तीन टेबलं, प्रत्येकावर पाच पडदे, दोन दांड्या आणि एक लाल बटण. इथं दांडी ओढली की पाच-सहाशे किलोमीटरवरच्या बंदरात कंटेनर उचलला जायचा.

लुंबिनी किनवटच्या वसतिगृहात शिकली, आयटीआय करून बंदरावर गेली आणि अकरा वर्षं सत्तर फुटांवरच्या केबिनमध्ये बसली. खाली उतरायला लागू नये म्हणून पाणी बेतानं प्यायची. कंबर धरली. "मुलगी क्रेन चालवते" हे ऐकून तिला बघायला आलेला एक पाहुणा अर्धा चहा तसाच ठेवून उठला होता. उरलेला चहा लुंबिनीनं पिऊन टाकला, वाया कशाला घालवायचा! पण अकरा वर्षांत एक डबा आपटला नाही. मग बंदरानं केबिनच रिकाम्या करायला घेतल्या, क्रेना दुरून चालवायच्या ठरल्या, आणि कंपनीनं स्वस्तात पडते म्हणून नांदेडला ही खोली घेतली. लुंबिनी घरी आली. आईच्या हातची भाकरी मिळायला लागली.

अट एकच होती. आजची चाचणी पास झाली तर खोली राहणार. चाचणीत क्रेन जागीच थांबवणारं लाल बटण दाबलं, की नापास. टेबलं दुसऱ्या शहरात आणि लुंबिनी परत केबिनमध्ये, तीही जोवर शिल्लक असेल तोवर.

सकाळी अकराला बंदराच्या मोठ्या अधिकारी विनीता मॅडम मागच्या खुर्चीत येऊन बसल्या. कंपनीचा इंजिनियर मुकुल, प्राध्यापकांचा एकुलता एक, इस्त्रीच्या घडीसकट हजर. त्यानं आज नवी करामत चालू केली होती: क्रेन आता आवाजावर चालणार. बंदरावर पिढ्यान् पिढ्या कामगारांनी 'हाबीस' म्हटलं की माल वर आणि 'आरिया' म्हटलं की खाली घेतात. तेच दोन शब्द मुकुलनं यंत्राला शिकवले होते, तेही तिकडच्या कामगारांच्या आवाजात.

पडद्यावर ट्रेलर येऊन थांबला. क्रेनची चौकट वरून कंटेनरला धरून होती. खालचा माणूस ट्रेलरच्या चार कोपऱ्यांतली लॉकं उघडत होता. तीन उघडली, चौथ्याकडे निघाला.

"ताई, माईक चालू आहे ना?" मुकुलनं विचारलं.

"हाव," लुंबिनी म्हणाली.

झालं! मुकुलच्या घरात 'हो' म्हणतात. 'हाव' त्यानं यंत्राला शिकवलंच नव्हतं. यंत्राला वाटलं, हाबीस. क्रेन निघाली वर. आणि चौथं लॉक बंद असल्यामुळं कंटेनरसोबत ट्रेलरही निघाला. मागची चाकं जमिनीवरून सुटली. चालक आत.

"दाबू नका, दाबू नका!" मुकुल ओरडला. "मी सिस्टिममधून थांबवतो, एक सेकंद!"

लुंबिनीचा तळवा लाल बटणावर आधीच पडला होता. क्रेन थांबली. ट्रेलरचं मागचं अंग दीड हात अधांतरी. मागच्या खुर्चीतून पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"गेली चाचणी," मुकुल पुटपुटला.

"आधी त्याला उतरवू दे बाबा! चालू कर."

मुकुलनं क्रेन परत चालू केली. लुंबिनीनं दांडी धरली आणि रेडिओवर विचारलं, "चालकदादा, नाव काय?"

"ज्ञानोबा, ताई. अहमदपूरचा. गाडी वर चालली ना वं माझी!"

अहमदपूर म्हणजे आपल्याच भागातला माणूस. "दादा, पाय ब्रेकवर ठेव. दार उघडू नको. कळलं?"

"हाव ताई!"

ज्ञानोबाचा आवाज स्पीकरमधून निघाला नि टेबलावरच्या माईकात शिरला. मुकुलच्या यंत्राचा कान क्रेनसोबतच उघडला होता. क्रेन वर उसळली. ट्रेलर तिरका झाला. तळवा पुन्हा बटणावर.

"दादा, हाव म्हणू नको!"

"हाव, न्हाई म्हनत!"

या वेळी क्रेन बंद होती म्हणून वाचला. मुकुल घामाघूम होऊन कळफलकावर पासवर्ड बडवत होता, आणि तो दर वेळी चुकत होता. लुंबिनी वाकली, माईकची वायर मुठीत धरली आणि टेबलातून हिसकून काढली.

"आता कर चालू."

दांडी तिनं केसभर खाली दाबली. चित्र अर्धा क्षण उशिरा हलायचं, म्हणून ती थोडं उतरवायची, थांबायची, बघायची. चाकं टेकली. ज्ञानोबा उतरला आणि रस्त्यावरच फतकल मारून बसला.

मुकुलनं अहवाल भरला. कारण: 'चालिकेनं अमान्य शब्द वापरला.' सहीसाठी कागद पुढं सरकवला.

"मी तुला उत्तर दिलं," लुंबिनी म्हणाली. "क्रेनला न्हाई. हे खोड, मग सही करते."

"ताई, माझी नोकरी जाईल."

"आणि ज्ञानोबाचा जीव?"

विनीता मॅडमनी हात पुढं केला. कागद वाचला, ती ओळ स्वतः खोडली आणि लिहिलं: यंत्राला इथली भाषा येत नाही, आवाजाची सोय काढावी. "चाचणी नापासच," त्या म्हणाल्या. "नियम मला बदलता येत नाही. खोलीचं काय करायचं ते मुंबईत ठरेल. तोवर हाताने चालवा."

"किती दिवस?"

"मलाही माहीत नाही."

दुसरा ट्रेलर येऊन उभा होता. लुंबिनीनं पोटभर पाणी पिऊन ओठ पुसले, कॅमेरा एका कोपऱ्यावर नेला, मग दुसऱ्या. चारही लॉकं उघडी दिसल्याशिवाय तिनं दांडीला हात लावला नाही.