कागदावर तोडलेलं झाड

सगळं खातं त्याला ठोक्या म्हणायचं, आणि त्यात खोटं काय? बावीस वर्षं वनरक्षक म्हणून त्याने एकच काम केलं: तोडायच्या झाडाच्या बुडाशी खुणेचा हातोडा ठोकायचा आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. एकदा ठोका बसला की ते झाड गेलंच म्हणून समजा!

मग वन्यजीव विभागाला माणूस हवा होता. कुणी जाईना, तेव्हा साहेबांनी ठोक्याला तिकडे ढकललं. पहिल्याच आठवड्यात याने दुर्बीण डोळ्याला लावली, तर महिन्यापूर्वी स्वतःच ठोकलेल्या झाडाच्या ढोलीत घुबडाची तीन पिलं! आणि तोडणी आठ दिवसांवर.

तो धापा टाकत कचेरीतल्या बड्या कारकुनाकडे गेला. "तेवढी खूण रद्द करा हो."

"रद्द करायला रकानाच नाही," कारकून म्हणाला. "खूण झालेलं झाड तोडावंच लागतं. फक्त तोडून झालेलं झाड तोडावं लागत नाही."

ठोक्याने डोकं खाजवलं. "मग लिहा, तोडलं."

"आणि लाकूड?"

"किडकं निघालं. जागेवरच सोडलं."

घरी बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, घुबडापायी नोकरी घालवाल!"

"गेली तर गेली," हा म्हणाला.

आणि व्हायचं तेच झालं. तपासणीला साहेब आले ते नेमके त्याच झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. कागद वाचला, वर पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"हे काय आहे?"

"तोडून उरलेला खुंट, साहेब."

"चाळीस फूट?"

"जरा उंच राहिला."

ढोलीतून एका पिलाने मुंडकं बाहेर काढलं आणि साहेबांवर डोळे रोखले. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "लिही," ते म्हणाले, "झाड आढळलं नाही. सावली आढळली. ती कशाची, हे शोधणं आपल्याकडे येत नाही."

महिन्याभरात पिलं उडाली. तिसरं उडालं तेव्हा ठोक्याने टाळ्या पिटल्या, आणि मग मटकन खाली बसून हमसाहमशी रडायला लागला. डबा घेऊन आलेली बायको घाबरली. "आता काय झालं? वाचली ना पिलं?"

"ही वाचली गं," तो म्हणाला. "बाकीच्या झाडांवर कोण होतं? मी एकदाही मान वर करून पाहिलं नाही."