वेणूच्या मातीतला मांजरपाट

ये वं वैशाली, जरा जवळ सरकून बस. आईची तेरवी झाली तशी शहरात, जरीपटक्याला गेलीस ती गेलीस. दीड महिना झाला, मोठ्या आईची आठवण नाही आली? फोन लावला की म्हणतेस, "मार्केटात आहे, नंतर बोलते." तुझं ते नंतर काही येत नाही, म्हणून लिहायला घेतलं. पेपरची ही पुरवणी तू वाचतेस, मला ठाऊक आहे. आणि गावानंही वाचावं, कारण खोटेपणा मी गावासमोरच केला होता.

तुझी आई वेणू, माझी धाकटी जाऊ. ती गेल्याचा निरोप प्रवीणनं आणला तेव्हा मी संत्र्याच्या आळ्यात तिनंच दिलेलं खत पसरत होते. तेरवीच्या पंगतीत तुझा हा भाऊ पाहुण्यांना म्हणाला, "आईनं जन्मभर शेण वाह्यलं, पण मातीनं काही तिचं ऐकलं नाही. तो खताचा खड्डा आता बुजवून टाकतो." तू मान हलवलीस. मी समोरच भात वाढत होते. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले.

वेणूला सवय होती, मूठभर माती उचलायची आणि नाकाशी न्यायची. मी चिडवायचे, "काहून वं, अत्तर लावून राहिली का?" "अत्तराहून बरी आहे बाई, जिती आहे," म्हणून हसायची. खड्ड्यात शेण, पाला, गव्हाच्या काडाचा गव्हांडा थरावर थर रचून, पाणी शिंपडून महिनोन्‌महिने कुजवायची. कच्चं शेण झाडाला घालू द्यायची नाही. म्हणायची, "आधी मातीतल्या जिवाणूले जेवू घाला, मग ते झाडाले वाढतीन." त्यांनी खाऊन जे उरतं त्यानं माती काळी आणि भुसभुशीत होते, कृषी सहायक मॅडम त्यालाच सेंद्रिय कर्ब म्हणायच्या. आणि मी? बागेत नुसतं पोत्यातलं रासायनिक खत टाकायचे, अन्‌ बचत गटाची अध्यक्ष म्हणून सेंद्रिय शेतीवर भाषणं ठोकायचे.

एका वर्षी मॅडमनी गटातल्या प्रत्येकीला मांजरपाटाचा हातभर तुकडा दिला. संत्र्याखाली पुरायचा, दोन महिन्यांनी काढायचा. माती जिवंत असली तर जिवाणू सुती कापड खातात, नसली तर ते तसंच निघतं. तुझ्या आईला उसवत्या कडा बघवायच्या नाहीत. तिनं आधी चारी कडांना नायलॉनच्या लाल दोऱ्यानं शिवण घातली, मग पुरला. मी हसले, "मातीले लुगडं नेसवून राहिली का वं?"

दोन महिन्यांनी बायांनी आपापले तुकडे ढेकळासकट पिशवीत बांधून माझ्या घरी आणून दिले. नावाच्या चिठ्ठ्या लावून शाळेच्या व्हरांड्यात टांगायचं काम माझं. मी पिशव्या सोडल्या. माझा तुकडा धुतला असता तर त्याचं झबलं झालं असतं, इतका धड. वेणूच्या तुकड्याची नुसती जाळी... मी दोघींच्या चिठ्ठ्या बदलल्या. चिखलात माखलेली शिवण माझ्या लक्षातच आली नाही.

व्हरांड्यात माझ्या नावाच्या जाळीला टाळ्या पडल्या. वेणूचं धड कापड पाहून एक जण म्हणाली, "काय वं वेणू, तुह्या शेणानं जिवाणूले उपास घडवला का?" सगळ्या हसल्या. वेणू माझ्या नावाच्या तुकड्यापाशी आली. ऊन लागून माती झडली होती, आणि जाळीभोवती लाल दोरा अख्खा लोंबत होता. कापूस खाल्ला होता, नायलॉन कोण खातं? तिनं त्याला बोट लावलं, माझ्याकडे पाहिलं. "दोरा मोठा पक्का आहे, बाई, तुमचा." बस, एवढंच.

ते धड कापड पाहून प्रवीणनं बागेत खताची पोती आणली. वेणूकडे राहिली विहिरीमागची सहा झाडं आणि तो खड्डा. पुढं माझ्या संत्र्यांची पानं पिवळी पडली, तर हीच डोक्यावर खताचं टोपलं घेऊन दारात. मला वर बघवेना. "काहून आणलं वं?" तर म्हणते, "तुमची माती उपाशी आहे, बाई. तिचा काय गुन्हा?" मग दर आठवड्याला एक टोपलं. शेवटी खाटेला लागली तेव्हा सांगायचंच ठरवून गेले होते. तोंड उघडलं, तर तिनंच विचारलं, "आळ्यात खत पडलं का, बाई?" मी हो म्हटलं... आणि चहा पिऊन घरी आले. असा माझा जीव.

परवा प्रवीणला सगळं सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाही, ते बरोबरच आहे. पण खड्डा अजून बुजवला नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी मांजरपाटाचे दोन तुकडे पुरले. एक तिच्या विहिरीमागच्या झाडांखाली, एक माझ्या बागेत. तिच्याच शिवणाच्या डब्यातल्या लाल दोऱ्यानं कडा शिवल्या, शिवण वाकडी आली. पंधरा दिवसांनी दोन महिने भरतात. तिचं टोपलं अजून माझ्या ओसरीत उपडं आहे, तुकडे त्यातच ठेवू. पण उकरायचं तू, चिठ्ठ्याही तूच लिहायच्या. मी हात लावणार नाही. काटोलपर्यंत एसटी आहे, पुढं न्यायला प्रवीण येईल, तुला नाही म्हणणार नाही. लवकर ये वं.