मिस्त्रीचा ब्लॉक

कुठलीही वस्तू समोर आली की तो आधी बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करायचा, कान द्यायचा आणि निकाल सांगायचा, "बोलतंय." किंवा, "मेलंय." इंजिनाचा ब्लॉक असो, चहाचा कप असो की टरबूज, कायदा एकच. पहिल्या दिवशी मी फाइल घेऊन पुढे उभा राहिलो, तेव्हा त्यानं फाइलच्या पुठ्ठ्यावर टकटक केली, "मेलंय" म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला तुम्ही आवडत नाही आणि ते लपवावं असं ज्याला कधी वाटलं नाही. माझ्या वाट्याला हा मिस्त्री आला.

संस्थान कधीच गेलं होतं. आता मध्यभारत हे राज्यही मोडायचं होतं आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या दप्तरं बांधून भोपाळला निघाल्या होत्या. महाराज बाड्यावर दोन माणसं भेटली की एकच प्रश्न, "यादीत आलं का नाव?" यादी म्हणजे नव्या राज्याच्या नोकरीत कोणाला घ्यायचं त्याची. मी कनिष्ठ कारकून, माझंही नाव अजून टांगलेलं. जुन्या मोटारखान्यात सरदारांच्या हौसेच्या गाड्या पडून होत्या. छोट्या, दोघंच बसतील अशा, शर्यतीच्या. त्यांच्या इंजिनांचं मोल ठरवून तक्ता भरायचं काम माझ्यावर आलं. इंजिन आणि बंब यांतला फरक मला एवढाच ठाऊक होता, की बंबातून अंघोळीला पाणी मिळतं.

मिस्त्री तिथला जुना नोकर. त्याचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर घोड्यांवर आले, यानं सगळा जन्म गाड्यांखाली पाठ टेकून काढला. एकदा एका गंजक्या ब्लॉकपुढे, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या इंजिनाच्या ओतीव धडापुढे, मी "भंगार" लिहिलं. त्यानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. ब्लॉकला घासलेट फासलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली.

"तडा असता तर आतलं घासलेट खडूत उतरून ओली रेघ दिसली असती. दिसते?"

दिसत नव्हती.

"गंज बघून भंगार लिहितोस. तुझ्याकडे बघून मी काय लिहू?"

मीही काही कमी नव्हतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा मागवला, त्याला वगळून. वर कचेरीतल्या साहेबांकडे जाऊन तो उर्मट असल्याचंही सांगून आलो. तो माझ्याशी हिंदीत बोलू लागला, कारण मराठी म्हणे माणसांशी बोलायची भाषा.

पण यादीची टांगती तलवार त्याच्यावरही होती. इंजिन उघडायला कान आणि बोटं पुरत होती, नोकरीला प्रमाणपत्र लागत होतं, आणि ते त्याच्याकडे नव्हतं. इंदूरहून आलेले इंजिनिअरसाहेब माणूस बरे. म्हणाले, एक ब्लॉक नव्यानं बांधून दाखव, इंजिन अर्धा तास सलग चाललं तर मी तुझं नाव पाठवतो. मिस्त्रीनं सगळ्यांत छोट्या गाडीचा ब्लॉक निवडला. झिजलेले सिलिंडर कापून त्यांत नव्या नळ्या बसवल्या, त्या हातानं घासून आरशासारख्या केल्या. दोन महिने तो त्या लोखंडाशी जितकं बोलला तितकं बायकोशी बोलला नसेल.

चाचणी भर मे महिन्यात. इंजिन लाकडी घोडीवर चढवून त्यानं ते गरम व्हावं म्हणून सुरू केलं. ते असं गोड चाललं होतं की माझ्यासारख्यालाही कळलं. शेजारी त्यानं कोमट पाण्याची बादली ठेवली होती. फाटकापाशी इंजिनिअरसाहेबांचा टांगा थांबला, तसा तो त्यांना आणायला निघाला. जाताना मला म्हणाला, "कशाला हात लावू नकोस."

तो गेला आणि रेडिएटरच्या तोंडातून वाफ यायला लागली. आता बी.ए.ला माझा तर्कशास्त्र हा विषय होता. तापलेल्याला गार हवं, असा तर्क मी केला, आणि कोमट बादली सोडून कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तांब्यानं ओतलं. टण् असा एक आवाज झाला, तापलेलं लोखंड गार पाण्यानं तडकलं. ब्लॉकच्या कुशीतून पाण्याची धार लागली.

दोघं आत आले. साहेबांनी विचारलं, "पानी किसने डाला?"

मिस्त्रीनं ओला तांब्या पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. माझं नाव आदल्याच दिवशी यादीत चढलं होतं. मी तक्त्यातला एक रकाना वाचायला घेतला.

"मेरे शेड में हुआ," तो म्हणाला, "तो मेरा ही हुआ."

साहेब गेल्यावर तो पुष्कळ दिवसांनी माझ्याशी मराठीत बोलला. "मी थांबलो होतो. वाटलं, बोलशील."

"अयोग्य" हा त्याच्या नावापुढचा शेरा भोपाळला गेला, तो माझ्या अक्षरात.

पुढे त्यानं ग्वाल्हेरलगत मुरारला गाड्या दुरुस्तीची टपरी टाकली. माझी बदली फिरून ग्वाल्हेरला झाली, स्कूटर घेतली, ती मुद्दाम त्याच्याकडे नेली. सगळ्यांच्या गाड्या होईपर्यंत त्यानं मला उन्हात उभं केलं आणि मग म्हणाला, "यहाँ नहीं होगा." असं तीन वेळा. घरी मी या तऱ्हेवाईक मिस्त्रीची नक्कल करतो. मुलं म्हणतात, "बाबा, फिर वही इंजिन?" आणि तरी हसतात. माठाचा भाग मी त्यांना आजवर सांगितलेला नाही.

तो गेल्याचं कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. मी मुरारला गेलो. नाव सांगितल्यावर त्याच्या बायकोनं मला नीट न्याहाळलं, पाणी दिलं आणि मागच्या खोलीत नेलं. तेलकट चादरीखाली लाकडी घोडीवर जोडलेलं इंजिन होतं, आणि ब्लॉक तोच. भंगाराच्या लिलावातून त्यानं तो उचलला होता. तड्याच्या संपूर्ण लांबीवर भोकं पाडून, आटे कापून, त्यांत लोखंडाचे बारीक खिळे एकमेकांना खेटून पिळले होते. जखम शिवावी तसे. त्याला तीन हिवाळे लागले, असं ती म्हणाली.

"चालतं?" मी विचारलं.

"रोज सकाळी चालवायचे. सांगून गेलेत, तो कारकून आला तर त्याला दाखवू नको म्हणून."

"मग का दाखवलंत?"

"तुम्ही बोलायला कधी येताय याची ते पंधरा वर्षं वाट बघत होते, भाईसाहेब. मला काय कळत नाही?" ती म्हणाली. "आता बोला त्याच्याशी, काय बोलायचं ते." आणि मला ब्लॉकपाशी सोडून ती दार लोटून निघून गेली.