राणीची मिशी

राणीला मिशी होती आणि नाटक आठवड्यावर आलं होतं.

केशोरीजवळच्या एका गावातली गोष्ट. साल सत्तावन्न-अठ्ठावन्न असेल. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव पट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. त्याच दिवशी गावकरी नाटकही करतात. त्यांना शिकवायला बाहेरून तालीममास्तर बोलावतात. आज त्याला डायरेक्टर म्हणतात. माझे मास्तर गोंदियाचे. लहानपणापासून मी त्यांच्या नाटकांत राजपुत्र आणि अनाथ पोरं करत आले. चौथीनंतर शाळा सुटली, नाटक सुटलं नाही. उंची वाढली तसे पोरांचे पार्ट बंद झाले, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली तालमी घेऊ लागले. त्या साली मास्तर हिवतापाने पडले. "तू पुढे जा," म्हणाले. अख्खं नाटक पहिल्यांदा माझ्या अंगावर आलं.

बायांचे पार्ट पुरुषच करायचे. गावची नेहमीची राणी कामधंद्यासाठी बालाघाटला निघून गेली होती. तिच्या जागी मी हिरामणला घेतला. तरणा शेतकरी, आवाज गोड, पाठांतर पक्कं. फक्त मिशी काढायची होती.

हिरामण म्हणाला, "बाई, मिशी नाई निघत."

"काऊन?"

"बाप जिता हाय ना माहा."

आमच्याकडे बाप मेल्यावर मुलगा मिशी उतरवतो. एरवी नाही. जुन्या राणीचा बाप तिच्या लहानपणीच गेला होता, म्हणून ही अडचण कधी आलीच नव्हती.

मी त्याच्या बापाकडे गेले. सोमाजी अंगणात दोर वळत बसला होता. मी विषय काढताच त्याने हात थांबवले.

"पोरी, मी तुले मेलेला दिसून राहिलो का?"

"नाही सोमाजीबाबा. नाटकापुरतं आहे. पुन्हा उगवते मिशी."

"अन् तोवर? पोट्टा बजारात गेला का लोक पुसतीन, बाप कवा गेला गा? तो का सांगन? मी रानी झालो?"

म्हाताऱ्याचं चुकत नव्हतं. मी परत आले. मिशीवर साबण चोळून वर सफेदा फासून पाहिला. भिंतीला चुना मारल्यासारखं दिसलं.

संध्याकाळी तालमीला पाटील आले. नाटकात राजा तेच. गावाचा रिवाजच तसा, राजाचा पार्ट पाटलाचा.

"कायले डोकं खपवून राहिली व?" ते म्हणाले. "रानी तुले पाठ हाय. तूच घाल लुगडं."

"पाटीलबाबा, मी शिकवाले आली आहे."

"मंग का झालं?"

"लुगडं नेसून उभी राहिली तर मी नाटकातली बाई. मग उद्या तुम्ही माझं ऐकाल? 'राजेसाहेब, हात खाली घ्या' म्हटलं तर घ्याल?"

पाटील हसले, पण खरं तेच बोलले. "नाई घेनार. पन नाटक पडलं तं तालीममास्तर म्हनून या गावात पुन्हा येजो नोको."

गावं गावांशी बोलतात. एका गावाने नाही म्हटलं की सगळ्यांनी म्हटलंच. मग मला लग्न करून कुणाच्या तरी चुलीपुढे बसण्याशिवाय काही उरलं नसतं. चूल वाईट नाही. मला येत नव्हती.

मी राणीला पदर दिला. पूर्ण नाटकभर नाकापर्यंत पदर, सासऱ्यापुढे घेतात तसा. पहिल्या तालमीत हिरामणचा एक हात पदर धरण्यातच अडकला. मग पिन लावली. दोन्ही हात मोकळे झाले. चेहरा दिसत नव्हता, म्हणून तो हातांनी आणि आवाजाने काम करू लागला. बरं जमत होतं.

पटाच्या दिवशी कापणी झालेली बांधी, म्हणजे धानाचं शेत, माणसांनी भरली. सोमाजी पुढेच तणसाच्या पेंढ्यांवर बसला होता. निरोपाचा सीन आला. राजाने राजपुत्राला वनात धाडलंय आणि राणी त्याला शेवटचं जवळ घेते. राजपुत्र होती पाटलांची सहा वर्षांची नात, यमू. मी तिला राणीचा हात धरायला शिकवलं होतं. तिने पदर धरला आणि ओढला. पिन सुटली.

"अरे, रानीले मिशा!"

"दे व रानी, ताव दे मिशीवर!"

सगळी बांधी हसू लागली. यमू भेदरली. हिरामण मिशीवर हात ठेवून उभा. सोमाजीने मान खाली घातली.

मी विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूला आडोशाला होते. पब्लिककडे पाठ करायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. लहानपणी तो मोडला की मास्तरांची छडी बसायची. मी ओरडले, "हिरामण, पाठ कर! लोकांकडे पाठ कर!"

त्याला वाटलं मला वेड लागलं. पण फिरला. आता लोकांना त्याची पाठ दिसत होती आणि यमूचा चेहरा. पेट्रोमॅक्सचा उजेड तिच्यावर पडला होता. तिचे ओठ खरेच थरथरत होते. हिरामणला घरी लहान बहिणी होत्या. तो खाली बसला आणि राणीची वाक्यं तिच्याशी हळू बोलू लागला, बहिणीला समजवावं तशी. यमू ऐकत राहिली. रडली, पण पळाली नाही. हसू आधी बायांच्या बाजूचं थांबलं, मग सगळ्यांचं.

नाटक संपल्यावर पाटील म्हणाले, "पुढच्या सालीबी तूच ये."

सोमाजी बाजूला उभा होता. "रानीची नुसती पाठच पाहाले भेटली," म्हणाला. मग म्हणाला, "पन बोलला बराबर पोट्टा."

मास्तरांना मी जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "राणीची पाठ फिरवलीस ते ठीक. पाटलाची फिरवू नकोस."

पुढे मी पुष्कळ नाटकं बसवली. म्हातारपणी टीव्हीची पण. कॅमेरावाले नेहमी बोलणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा लावायचे. मी म्हणायचे, ऐकणाऱ्यावर लावा. बोलणाऱ्याला वाक्यं दिलेली असतात, त्याचं तो निभावून नेतो. ऐकणाऱ्याला कुणी काही दिलेलं नसतं, म्हणून लोक त्याच्याकडे बघतात.